घरमालकांची लाल गाडी आणि माझे कान

आमच्या घरमालकांसमोर ‘अंदाजे’ हा शब्द काढायची सोय नव्हती. पिस्कॅटवेला त्यांचं घर होतं. खाली ते एकटे, आणि वर भाड्यानं आम्ही तिघं: मुलगा, सून आणि मी. राहायला आलो त्या दिवशी ओळख म्हणून मी चार पोळ्या आणि वांग्याची भाजी घेऊन खाली गेले. त्यांनी ताट घेतलं, शर्टाच्या खिशातून चिमट्यासारखं एक लोखंडी माप काढलं आणि पोळी मधोमध धरून मोजली. मग कडेला धरून मोजली.

“वहिनी, कडेला जाड आहे.”

“भूक लागली की कळत नाही ते,” मी म्हणाले.

“‘कळत नाही’ आणि ‘नाहीच’, ह्यांत फरक असतो,” ते म्हणाले, आणि चारही पोळ्या खाल्ल्या.

म्हणजे माणूस वाईट नव्हता. आधी भोसरीला आणि मग इकडे न्यू जर्सीत, मिळून तीसेक वर्षं त्यांनी कारखान्यात माल तपासायचं काम केलं होतं. हा पास, हा नापास. निवृत्त झाले तरी हात थांबेना. देशी दुकानात भेंडी घ्यायला गेले की एकेक भेंडी मोडून बघायचे आणि नापास भेंड्यांचा वेगळा ढीग लावायचे. दुकानातली मुलगी म्हणायची, “काका, प्लीज यार, लोक बघतायत.” हे म्हणायचे, “बघू देत, शिकतील.” बायको जाऊन दहा वर्षं झाली होती. एकुलती एक लेक टेक्ससला, अर्विंगला. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि हे तिला दिवसभराचा अहवाल द्यायचे. झोप, भूक, रक्तदाब, पाऊस.

आणि गाडी.

गाडी लाल होती, नाक हे एवढं लांब, आत आठ सिलिंडरचं जुनं इंजिन. इकडे असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. ताकदीची गाडी. बायको गेल्यावर त्यांनी ती घेतली, मोडकी होती ती, आणि पाच वर्षं गॅरेजमध्ये बसून स्वतः उभी केली. दर मंगळवारी माझ्या गुडघ्यांच्या व्यायामासाठी ते मला त्याच गाडीतून थेरपीला न्यायचे. मुलगा-सून ऑफिसात, आणि फोनवरून गाडी बोलवायची म्हणजे अनोळखी माणसाशेजारी इंग्रजीचा प्रश्न. भावजी (घरमालकांना मी भावजीच म्हणायची) म्हणायचे, “मी आहे ना. गाडी बसून बसून खराब होते, माणसासारखी.” मी नऊवारी सावरत त्या खोल सीटमध्ये शिरायची, म्हणजे विहिरीत उतरल्यागतच. त्यांनी गाडी सुरू केली की छातीत धडधड व्हायची, आणि ती माझी की इंजिनाची हे कळायचं नाही.

एका मंगळवारी सिग्नलला थांबलो असताना मी म्हणाले, “भावजी, तुमच्या उजव्या अंगाला काहीतरी सैल वाजतंय.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही सीटवरची पिशवीच बोलली. घरी येऊन गाडीचं पुढचं टोपण उघडलं. पट्ट्याचा ताण धरणारं एक चाक खरंच हलत होतं.

“हे तुम्हाला कसं कळलं?”

मग मी त्यांना आमच्या गिरणीचं सांगितलं. कराडजवळ आमची पिठाची गिरणी होती. बावीस वर्षं मी तिथं बसले. शाळा माझी सातवीपर्यंत, बाकी सगळं गिरणीनं शिकवलं. मोटारीवरून पट्टा कसा फिरतो, घसरायला लागला की कसा ओरडतो, राळ लावली की कसा गप्प बसतो. जात्याला टाकी लावायची, म्हणजे दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायची वेळ झाली हे मी स्वयंपाकघरातून ओळखायची. आंधळ्याला जशी बोटं, तसे मला कान.

त्या दिवसापासून त्यांनी मला नेमलंच. “वहिनी म्हणजे माझं साधन,” असं ते लेकीला फोनवर सांगायचे. साधन म्हणजे मापाचं यंत्र. मला हसू यायचं आणि थोडं बरंही वाटायचं. ह्या देशात आल्यापासून माझा कशालाच उपयोग नव्हता, भाजी निवडण्यापलीकडे.

आता मुख्य गोष्ट. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या मनात आलं की ह्या गाडीला सुपरचार्जर बसवायचा. मला त्यांनी समजावलं ते असं: इंजिन जी हवा ओढतं ती आपल्याआपण ओढतं. हे यंत्र पट्ट्यावर फिरतं आणि हवा जबरदस्तीनं आत कोंबतं. हवा जास्त, इंधन जास्त, ताकद दीडपट.

“आत्ताची ताकद कुणाला कमी पडतेय?” मी विचारलं.

“वहिनी, तीस वर्षं दुसऱ्यांच्या मशिनी पास-नापास केल्या. एक तरी स्वतःची अशी करायची की नापास करायला कुणाला जागाच राहायला नको.”



पण तोवर एक गोष्ट घडून गेली होती, आणि ती आमच्या दोघांतच होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

थेरपीहून परत येत होतो. हायवेवर, भर दुपारी, लख्ख ऊन. भावजी कुठल्याशा बेअरिंगचं सांगत होते आणि बोलता बोलता वाक्य अर्ध्यात राहिलं. मला वाटलं, शब्द शोधतायत. मग गाडी हळूहळू उजवीकडे जायला लागली. रस्त्याच्या कडेला त्या खाचा असतात, त्यावरून चाकं गेली आणि सगळी गाडी घूंऽऽ करून थरथरली. मी त्यांच्याकडे बघितलं. डोळे उघडे. हात स्टीअरिंगवर. ओठ मात्र काहीतरी चघळल्यासारखे हलत होते आणि नजरेत कुणीच नव्हतं. मी “भावजी!” म्हणून किंचाळले आणि दोन्ही हातांनी स्टीअरिंगचं चाक माझ्या विरुद्ध दिशेला ढकललं. शेजारून एक ट्रक भोंगा वाजवत गेला. इतका लांब ट्रक मी तोवर पाहिला नव्हता. तो संपतच नव्हता.

मग ते परत आले. परत आले असंच म्हणायला हवं. मला म्हणाले, “ओरडलात का?”

त्यांना काही माहीतच नव्हतं.

घरी येऊन गाडी लावल्यावर ते उतरले नाहीत. म्हणाले, “लेकीला सांगू नका. चावी घेऊन जाईल. वहिनी, ह्या गावात चावी गेली की माणूस सामान होतो.”

मी “बरं” म्हणाले.

का म्हणाले? दया आली म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण आता ह्या वयात खोटं कशाला लिहू. त्यांची चावी गेली असती तर माझाही मंगळवार गेला असता. आठवड्यातनं त्या एका दिवशी मी घराबाहेर पडायची. दुसरं म्हणजे, घर त्यांचं. रागावून ‘दुसरीकडे बघा’ म्हणाले असते तर? मुलाचं स्वतःचं घर अजून ठरत नव्हतं. म्हणून मी गप्प बसले, आणि दर मंगळवारी त्या गाडीत बसत राहिले. पदराच्या आत हात जोडून, त्यांच्या तोंडाकडे बघत. रस्ता मी बघायचीच नाही. देशी दुकानाजवळच्या सिग्नलला एकदा दिवा हिरवा झाला तरी ते हलले नाहीत, मागच्यांनी भोंगे वाजवले. एकदा गॅरेजमध्ये पाना हातात धरून तसेच उभे राहिले, आणि मी जिन्यावरून बघत होते. तेही त्यांना सांगितलं नाही.

अशा माणसाच्या गाडीला दीडपट ताकद.

निवड सुरू झाली आणि त्यांच्या अंगात नवं रक्त आलं. तीन कोटेशनं आल्याशिवाय हा माणूस न्हावीसुद्धा बदलायचा नाही, त्यामुळे यंत्रंही तीनच. फ्रीजवर तक्ता चिकटवला. पहिलं इंजिनाच्या डोक्यावर बसणारं, आत दोन पाती एकमेकांत फिरणारी. पाय ठेवल्याबरोबर जोर, पण इतकं उंच की टोपण कापावं लागेल. दुसरं त्याच जातीचं पण बुटकं, आत दोन मोठे स्क्रू एकमेकांत गुंतलेले, ते हवा आतल्या आतच दाबत नेणार. तिसरं बाजूला बसणारं, गोगलगायीसारखं गोल. त्याचा जोर उशिरा येतो, वेग वाढला की एकदम. गॅरेजवाला होता एक, दाढीवाला, दारात मावायचा नाही एवढा, पण बोलणं अगदी मऊ. त्यानं निक्षून सांगितलं होतं की आतले पिस्टन जुने आहेत, दाब कमीच ठेवा, नाहीतर फुटतील.

“तिन्ही कागदावर पास आहेत,” भावजी म्हणाले. “आता तुमचे कान.”

रविवारी सकाळी एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये असल्या गाड्यांची जत्रा भरायची. मला घेऊन गेले. नऊवारी, डोक्यावर मुलाची उन्हाची टोपी, पायात बूट, आणि भोवती गोंदवलेल्या दंडांचे बाप्ये. सगळे मला “मॅम, मॅम” करत वाट देत होते. तिथं मी ती तिन्ही यंत्रं ऐकली. पहिलं नुसतं डरकाळ्या फोडत होतं. तिसरं शिट्टी मारत होतं, पण मधेच धाप लागल्यासारखं. आणि दुसरं... काय सांगू. नीट टाकी लावलेलं जातं, कोरडा गहू आणि नवा पट्टा, असं जुळून आलं की जो एकसारखा सूर लागतो, तो. मी डोळे मिटले. बावीस वर्षांत असा आवाज मी चार-पाच वेळाच ऐकला असेन.

“कसं?” भावजींनी विचारलं.

डोळे उघडले तर ते समोर, आनंदानं लालबुंद. आणि मला तो ट्रक दिसला, न संपणारा.

“पट्टा घसरतोय ह्याचा,” मी म्हणाले.

हे माझं पहिलं खोटं. मनात हिशेब साधा होता: हा माणूस जोवर निवडतोय तोवर बसवत नाही. बसवत नाही तोवर वाढीव ताकद नाही. पुढचे दोन महिने मी दोष काढत राहिले. ते टॅब्लेटवर आवाज आणायचे, माझ्या कानांवर हेडफोनची ती मोठी झाकणं चढवायचे, आणि मी म्हणायची, बेअरिंग कोरडं आहे. पुली वाकडी फिरतेय. आत खडा गेलाय. ते सगळं लिहून घ्यायचे, कंपन्यांना ईमेल पाठवायचे, तिकडून उत्तरं यायची की सर, असा दोष आजवर कुणी सांगितला नाही. मला रात्री झोप लागेना. कारण त्यांचा माझ्यावर विश्वास बसत चालला होता, आणि मंगळवारही चालूच होते.

एका दुपारी त्यांनी पाच आवाज ओळीनं ऐकवले. नुसते नंबर. मी नेहमीप्रमाणे पाचही नापास केले. त्यांनी वही मिटली. झाकणं माझ्या कानांवरून स्वतः काढली.

“दोन आणि पाच एकच आहे, वहिनी.”

मी मिटलेल्या वहीकडे बघितलं.

“दोनला पट्टा सैल म्हणालात. पाचला बेअरिंग कोरडं. एकच गाडी, एकच दिवस, एकच रेकॉर्डिंग.” आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. “साधन बिघडलं की आम्ही असंच पकडतो. तेच ते पुन्हा मोजायला देतो. पण तुमचे कान बिघडलेले नाहीत. म्हणजे तुम्ही मुद्दाम करताय.”

“हो,” मी म्हणाले.

“का? गाडीची खिल्ली म्हणून? म्हातारा खेळतोय म्हणून?”

“भीती वाटते म्हणून!” आणि मग माझा बांध फुटला. “तुम्ही जाता, भावजी. डोळे उघडे ठेवून जाता. तुम्हाला वाटतं एकदाच झालं. तीनदा झालंय. सिग्नलला झालं, गॅरेजमध्ये झालं. माझ्या समोरच तेवढं, बाकी देव जाणे. आमचे हे तापात गिरणीवर उभे राहिले होते. ‘बरा आहे मी’ म्हणाले आणि मी ऐकलं. एका क्षणाची झापड, आणि पट्ट्यानं दोन बोटं नेली. तुम्ही तर मला शेजारी बसवून नेता. रस्त्यावर लोकांची पोरंबाळं असतात!”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. “तीनदा?”

“तीनदा.”

“मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बोलायला लाज वाटली. मी एवढंच म्हणाले, “आज संध्याकाळी तिचा फोन आला की तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते.”

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी समोर बसले होते. त्यांनी स्पीकर लावला आणि झोप, भूक, रक्तदाब, पाऊस ह्यांच्या ओळीतच, त्याच आवाजात सांगितलं.

“बाबा, व्हॉट? किती वेळा?”

“वहिनी म्हणतात, तीनदा.”

“काकू? काकू, यू न्यू? तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही त्या गाडीत बसत होतात?”

“हो गं बाळा,” मी म्हणाले.

दोन दिवसांत ती आली. डॉक्टर झाले, डोक्याला तारा लावून तपासण्या झाल्या. छोट्या फिट्स निघाल्या. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, सलग सहा महिने एकही नाही झाली तर गाडीचं बघू, तोवर चाकाला हात लावायचा नाही. लेक त्यांना अर्विंगला न्यायला तयार होती, ते जाईनात. शेवटी चावी तिनं माझ्या मुलाकडे दिली, आणि माझे मंगळवारही थांबले. जाताना मला मिठी मारली, पण सैल.

मी वाट बघत होते की आता घर सोडायची नोटीस येईल. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जिन्याखालून हाक आली.

“वहिनी, खरं सांगा. तीनपैकी कुठला?”

सांगितलं तर बसवतील. बसवलं तर सहा महिन्यांनी... पण ह्या माणसाशी आणखी एक खोटं माझ्याच्यानं बोलवेना.

“दुसरा,” मी म्हणाले. “दोष नाही त्यात.”

“मलाही तोच वाटला होता,” ते म्हणाले. आणि तो मागवला.

दाढीवाल्यानं घरी येऊन बसवला. भावजी शेजारी स्टुलावर, मापाचा चिमटा घेऊन, प्रत्येक बोल्टावर हरकत. दाब मात्र त्यानं सांगितला तेवढाच, कमी. त्यानं गाडी दारातच सुरू केली तेव्हा तो सूर निघाला, आणि भावजींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली. मग त्यानं गाडी बंद केली आणि चावी परत माझ्या मुलाकडे.

आता राहिले सहा महिने. आणि त्यात एक अडचण होती. फिट आली की ती त्यांना कळत नसे. दुसऱ्या कुणी बघितली तरच ती झाली, नाहीतर कुणाच्याच लेखी नाही. त्यांनी भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि मला म्हणाले, “तुम्ही दुपारी चारला खाली चहाला यायचं. तासभर बसायचं. दिसलं तर सांगायचं. ह्या वेळी खरं.”

मी रोज जाऊ लागले. समोर बसून विणायची, पण डोळा त्यांच्यावर. दर वेळी ते बोलता बोलता थांबले की माझ्या सुया थांबायच्या. ते हसून म्हणायचे, “आहे, आहे, इथंच आहे.” पहिला महिना गेला. दुसरा गेला. थंडी पडली, बर्फ आला, गाडीवर ताडपत्री चढली. तिसरा, चौथा. गोळ्या लागू पडल्या होत्या. लेक फोनवर हसायला लागली. मीही देवाला म्हणायला लागले की जाऊ दे बाबा, चालवू दे त्यांना एकदा. मार्चमध्ये मी कॅलेंडरवर बघितलं, एकोणीस दिवस राहिले होते.

त्या दिवशी ते मला दाबाचा काटा कसा वाचायचा ते सांगत होते. कप हातात होता. “आणि तो काटा जेव्हा,” म्हणाले, आणि राहिलं.

मी सुया खाली ठेवल्या. कप तिरका झाला. चहा टेबलावर, मग टेबलाच्या कडेवरून त्यांच्या मांडीवर, आणि ते हलले नाहीत. ओठ चघळल्यासारखे. नजरेत कुणी नाही. खिडकीबाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं. मी मेजावरून हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

मग ते आले. आधी मनगटाकडे बघितलं, मग ओल्या मांडीकडे, मग माझ्याकडे.

“कप निसटला वाटतं,” ते म्हणाले. आणि मग, हळू, “की झालं काही?”

माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकोणीस दिवस. ‘निसटला’ एवढंच म्हणायचं होतं.

“झालं,” मी म्हणाले.

ते बघत राहिले माझ्याकडे. मला वाटलं, आता विचारतील, नक्की का, तुमची चूक तर नाही ना. विचारलं असतं तर मी कदाचित डगमगले असते. पण त्यांनी विचारलं नाही. उठले, स्वयंपाकघरातून फडकं आणलं, टेबल पुसलं, कोपऱ्यांसकट. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्यांनी बघितलं नाही.

“बसस्टॉप इथून कोपऱ्यावर आहे,” ते म्हणाले. “मंगळवारी चालत जाऊन बघू. जाईल ना तुमचा गुडघा तेवढा?”

“जाईल,” मी म्हणाले, “थोडं सावकाश चाला.”